मूत्रपिंडाविना युरिया : जीवनशक्तीच्या मृत्यूची चुकीची तारीख

२२ फेब्रुवारी १८२८. बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या फ्रीडरिश व्होलरने स्टॉकहोमला आपल्या गुरूंना, यन्स याकोब बर्झेलियस यांना, पत्र लिहिले. पत्रातली बातमी अशी, की माणसाच्या वा कुत्र्याच्या मूत्रपिंडाची कसलीही मदत न घेता युरिया तयार करता येतो आणि तो त्याने केला आहे.

रसायनशास्त्राच्या इतिहासात या पत्राइतकी प्रसिद्ध पत्रे थोडीच. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यापुढची कथा साधारण एकाच साच्यात सांगितली जाते. सजीवांच्या शरीरातील पदार्थ केवळ ‘जीवनशक्ती’च निर्माण करू शकते, असा त्या काळी दृढ समज होता. व्होलरने काचेच्या भांड्यात युरिया बनवला, आणि तो समज त्याच दिवशी कोसळला.

कथा सुटसुटीत आहे. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारी आहे. मात्र तिच्यातला कोसळण्याचा भाग खरा नाही. जीवनशक्तीची कल्पना १८२८ मध्ये मेली नाही. ती पुढे जवळपास शंभर वर्षे, दर वेळी निराळे रूप घेऊन, जगत राहिली. तिचा हा लांबलेला शेवट पाहायचा, तर त्याच युरियाचा माग काढत जाणे सोयीचे. कारण हा रेणू या लढाईत एकदा नव्हे, तीनदा रणांगणावर आला.

मुळात मूत्र ही रसायनशास्त्रज्ञांची जुनी खाण. १६६९ मध्ये हँबर्गच्या हेनिग ब्रांटने सोन्याच्या शोधात भरपूर मूत्र आटवले. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. १७७३ मध्ये पॅरिसच्या इलेर रुएलने मूत्रातून एक स्फटिकी पदार्थ वेगळा केला. हाच युरिया. पुढे इंग्लंडच्या विल्यम प्राउटने तो शुद्ध करून त्यातील घटकांचे प्रमाण इतक्या काटेकोरपणे मोजले, की व्होलरला आपला युरिया ताडून पाहण्यासाठी तेच आकडे उपयोगी पडले.

या रेणूची घडण साधी आहे : कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. एकूण आठ अणू. प्रश्न होता तो हे आठ अणू एकत्र कोण आणतो, हा.

बर्झेलियस यांनी पदार्थांची दोन राज्ये मानली होती. दगड, धातू, क्षार यांचे एक. वनस्पती आणि प्राणी यांच्या देहातून मिळणाऱ्या पदार्थांचे दुसरे. दुसऱ्या राज्याला त्यांनी जे नाव दिले, त्याचा उगम ‘देहातील अवयव’ या अर्थाच्या शब्दात आहे. मराठीत त्यासाठी ‘सेंद्रिय’ हा शब्द रुळला. त्याची फोड स आणि इंद्रिय अशी. म्हणजे इंद्रिये असलेल्या देहाशी नाते सांगणारा. जुना समज असा आपल्या परिभाषेतही मुरून बसला आहे. त्यातून एक गंमत उद्भवते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरिया हा सेंद्रिय पदार्थ. सेंद्रिय शेतीत मात्र त्याला मज्जाव. एकाच शब्दाने दोन वेगळी घरे केली, त्याचे हे फलित.

व्होलर युरिया बनवायला निघालाच नव्हता. शिक्षणाने तो वैद्य. विद्यार्थिदशेत त्याने पोटात गेलेले पदार्थ मूत्रावाटे कोणत्या रूपात बाहेर पडतात, याचे प्रयोग केले होते, त्यामुळे युरियाचे स्फटिक त्याच्या चांगल्याच ओळखीचे होते. नंतर स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्या हाताखाली तो रसायनशास्त्रात पारंगत झाला. सायनेट नावाच्या क्षारांवर त्याचे काम चालू होते. चांदीचे सायनेट आणि नवसागर यांची क्रिया घडवली, तर अमोनियम सायनेट मिळावे असा त्याचा हिशेब. हाती आले ते पांढरे स्फटिक, आणि ते अमोनियम सायनेटसारखे मुळीच वागेनात. हे स्फटिक त्याला १८२४ मध्येच दिसले होते. ते मूत्रातील युरियाशी तंतोतंत जुळतात, हे उमगायला चार वर्षे गेली.

विशेष म्हणजे त्याच १८२४ मध्ये त्याने सायनोजेनपासून ऑक्झॅलिक आम्लही बनवले होते. तो तर आंबुटीसारख्या वनस्पतींत आढळणारा पदार्थ, म्हणजे दुसऱ्या राज्याचाच नागरिक. त्या वेळी कुठलाही किल्ला पडल्याचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

१८२८ च्या निबंधात व्होलरचे लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे होते. अमोनियम सायनेटमध्ये जे आठ अणू, तेच युरियात. संख्याही तीच. तरीही पदार्थ दोन. केवळ मांडणी बदलल्याने गुणधर्म पालटतात, ही तेव्हा अतिशय नवी गोष्ट होती. काही वर्षांपूर्वीच व्होलरचे चांदीचे सायनेट आणि यूस्टुस लीबिखचे चांदीचे फल्मिनेट यांचे घटक एकसारखे निघाले होते. पहिला पदार्थ शांत, दुसरा स्फोटक. आरंभी लीबिखला वाटले की व्होलरचे मोजमाप चुकले असावे. दोघांचीही मोजमापे अचूक निघाली, आणि त्या वादातून आयुष्यभराची मैत्री जडली. १८३० मध्ये बर्झेलियस यांनी या प्रकाराला नाव दिले. मराठीत त्याला समघटकता म्हणतात. गुरूंना शिष्याच्या युरियात जे मोलाचे वाटले ते हे. त्यांनी व्होलरला उत्तर पाठवले तेही खेळकर आणि कौतुकाचे. आपले तत्त्वज्ञान उद्ध्वस्त झालेल्या माणसाचे ते उत्तर नव्हते.

व्होलर स्वतःही सावध होता. त्याच पत्रात त्याने एक शंका काढली होती. ज्या सायनाइडांपासून सायनेट बनते, ती त्या काळी जनावरांचे रक्त, शिंगे, खूर यांपासून तयार केली जात. अमोनियाचेही तेच. तेव्हा एखादा तत्त्वचिंतक सहज म्हणेल की कच्च्या मालातच सजीवाचा अंश होता, मूत्रपिंडाऐवजी खूर वापरला इतकेच. या आक्षेपाला १८२८ मध्ये चोख उत्तर नव्हते. ते १८४५ मध्ये हेर्मान कोल्बे यांच्या कामातून मिळाले : कार्बन डायसल्फाइडसारख्या निर्जीव मालापासून निघून त्यांनी टप्प्याटप्प्याने व्हिनेगरचे आम्ल, म्हणजे असेटिक आम्ल, तयार केले.

आणखी एक गोष्ट व्होलरच्या पत्राच्या झगमगाटात झाकली गेली. मूत्रपिंड युरिया बनवतच नाही. १८२१ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि द्युमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढून टाकली, तेव्हा त्यांच्या रक्तात युरिया साठत गेला. मूत्रपिंड तो फक्त बाहेर काढते, बनतो तो अन्यत्र, असा त्याचा सरळ अर्थ. कुठे आणि कसा, हे कळायला शंभरावर वर्षे लागणार होती.

मग ही ‘किल्ला पडला’ची कथा रचली कोणी? बराचसा वाटा व्होलरच्या मृत्यूनंतरच्या गौरवलेखांचा. १८८२ मध्ये तो वारला, तेव्हा ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी लिहिलेल्या स्मृतिलेखात सजीव-निर्जीवांतील भिंत पाडणारा म्हणून त्याचे चित्र रेखाटले गेले. जर्मन रसायनशास्त्राला तोवर जनकपुरुषाची गरज भासू लागली होती. विसाव्या शतकात लोकप्रिय पुस्तकांनी त्या चित्रात आणखी रंग भरले. १९४४ मध्ये डग्लस मकी यांनी ‘नेचर’मध्ये या प्रकाराला उघडपणे दंतकथा म्हटले. २००० मध्ये पीटर रॅम्बर्ग यांनी ती कशी वाढत गेली याचा सविस्तर माग काढला. दंतकथेला त्याने फारसा धक्का बसलेला दिसत नाही.

जीवनशक्तीने १८२८ नंतर केले ते इतकेच, की एक पाऊल मागे घेतले. पदार्थ भांड्यात बनतात हे मान्य. पण सजीवातील प्रक्रिया भांड्यात घडतात का, असा नवा सवाल तिने पुढे केला. खुद्द लीबिखने १८४२ च्या आपल्या प्राणिरसायनावरील ग्रंथात जीवनशक्तीला जागा दिली होती. व्होलरचा हा जिवलग मित्र!

नवे रणांगण होते किण्वन. साखरेची दारू होते, तेव्हा यीस्ट नेमके काय करते? १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्यूट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले की यीस्ट सजीव आहे. त्याला अंकुर फुटतात, ते वाढते. रसायनशास्त्रज्ञांना हे अजिबात रुचले नाही. १८३९ मध्ये लीबिखच्याच नियतकालिकात एक निनावी निबंध आला. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या यीस्टरूपी प्राण्यांचे वर्णन होते : ते साखर गिळतात, एकीकडून दारू आणि दुसरीकडून वायू सोडतात, आणि त्यांचे मूत्राशय शँपेनच्या बाटलीच्या आकाराचे असते. हा खोडसाळपणा लीबिख आणि व्होलर या जोडगोळीचा होता.

थट्टा झकास होती, पण बाजू हरणारी होती. लीबिखच्या मते कुजणाऱ्या द्रव्याची अस्थिरता साखरेला लागते आणि तिचे तुकडे पडतात. जिवंतपणाचा तिथे काही संबंध नाही. १८५७ पासून लुई पाश्चर यांनी एकामागून एक प्रयोगांनी दाखवले की जिवंत यीस्टवाचून दारू होत नाही, आणि दुधाच्या आंबण्यामागचा जीव वेगळा असतो. पाश्चर यांचे पुरावे भक्कम होते. त्यामुळे किण्वन हे जीवनाचेच कृत्य ठरले, आणि जीवनशक्तीला प्रतिष्ठित आसरा मिळाला.

त्यातही फट होतीच. जठरातील पेप्सिन अन्न पचवते, आणि ते जठराबाहेर काढले तरी पचवते. म्हणजे काही ‘किण्वके’ पेशीबाहेर काम करतात, काही फक्त पेशीत. १८७० च्या दशकात हायडेलबर्गच्या व्हिल्हेल्म क्यूने यांनी अशा पदार्थांसाठी ‘एन्झाइम’ हा शब्द घडवला, मराठीत विकर. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ ‘यीस्टमध्ये असलेले’. नाव असे, पण खुद्द यीस्टमधून दारू बनवणारे एन्झाइम काही केल्या हाती येईना. १८७८ मध्ये क्लोद बेर्नार यांच्या निधनानंतर त्यांची अशा प्रयोगांची अपुरी टिपणे छापली गेली, तेव्हा पाश्चर संतापले. मृत मित्राच्या टिपणांचे जाहीर खंडन करायला त्यांनी मागेपुढे पाहिले नाही.

उत्तर आले ते १८९६ च्या शरद ऋतूत, म्युनिकमध्ये, आणि तेही साखरेच्या एका घरगुती उपयोगामुळे. हान्स बूखनर या जीवाणुशास्त्रज्ञाला यीस्टच्या पेशींतील रस औषधी प्रयोगांसाठी हवा होता. त्याचा धाकटा भाऊ एदुआर्ड रसायनशास्त्रज्ञ. सुट्टीत तो मदतीला आला. यीस्टमध्ये बारीक वाळू घालून ते वाटायचे, हान्सचा सहायक मार्टिन हान याच्या सूचनेनुसार त्यात सच्छिद्र डायॅटमी माती मिसळायची, मग तो लगदा फडक्यात बांधून जलदाबयंत्राखाली पिळायचा. एक किलो यीस्टमधून सुमारे अर्धा लिटर रस निघे. पण रस लवकर नासे. मुरांबा टिकावा म्हणून पाक घट्ट करतात, त्याच हिशेबाने रसात भरपूर साखर घातली गेली.

रसातून बुडबुडे येऊ लागले. एदुआर्डने ते ओळखले. गाळलेल्या रसात एकही जिवंत पेशी नाही, तरीही साखरेची दारू होते आहे. जानेवारी १८९७ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्धीसाठी पोचला. विषय, यीस्टच्या पेशींविना दारूचे किण्वन. पाश्चर यांचे निधन होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

व्होलरच्या पत्राहून हा निबंध कितीतरी निर्णायक मानायला हवा. व्होलरने सजीवाचा एक पदार्थ बाहेर बनवला. बूखनरने सजीवाची एक अख्खी क्रिया पेशीच्या भिंतीबाहेर आणून चालू ठेवली. जीवरसायनशास्त्र नावाची शाखा उभी राहिली ती या पायावर. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल बूखनरला मिळाले. पहिल्या महायुद्धात तो मेजर म्हणून रुमानियाच्या आघाडीवर गेला, आणि ऑगस्ट १९१७ मध्ये फोक्शानीजवळ जखमी होऊन मरण पावला. वय ५७.

तरी एक प्रश्न उरलाच. एन्झाइम म्हणजे तरी काय? पदार्थ, की पदार्थाला चिकटलेली कुठलीशी ‘शक्ती’? हरितद्रव्यावरील कामासाठी नोबेल मिळवलेले रिशार्ड व्हिलश्टेटर ठामपणे म्हणत की एन्झाइम हे प्रथिन नव्हे; प्रथिन हा फार तर त्याचा वाहक. त्यांच्या शुद्ध केलेल्या द्रावणात प्रथिनाची चाचणी लागत नसे, पण क्रिया मात्र जोमाने चाले. वस्तुतः त्यात प्रथिन इतके थोडे होते की त्या काळच्या चाचणीला ते सापडत नव्हते.

इथे युरिया दुसऱ्यांदा पुढे येतो. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर नावाचा प्राध्यापक होता. सतराव्या वर्षी शिकारीत सोबत्याची गोळी लागून त्याचा डावा हात कोपराखाली गेला होता, आणि तो मुळात डावखुरा. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, असा सल्ला मिळूनही त्याने तेच क्षेत्र धरले. १९१७ मध्ये त्याने एक एन्झाइम शुद्ध स्वरूपात मिळवण्याचा ध्यास घेतला. ते एन्झाइम युरिएज : युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोकळे करणारे.

युरिएजची ओळख घरोघरी आहे, फक्त नावानिशी नाही. गोठ्यात गोमूत्र साचून राहिले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो सूक्ष्मजीवांच्या युरिएजने मोकळ्या केलेल्या अमोनियाचा. शेतात युरिया नुसता वर फेकून ठेवला आणि पाणी दिले नाही, तर त्यातला नायट्रोजन हवेत उडून जातो, तोही याच एन्झाइममुळे. पाण्यात एकटा सोडलेला युरिया वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. युरिएज भेटले की त्याचा निकाल क्षणात लागतो.

सम्नरने त्यासाठी निवडली जॅक बीन ही शेंग. कोकणात परसदारी मांडवावर चढणाऱ्या अबईच्याच वंशातली ही वनस्पती. तिच्या दाण्यात युरिएज मुबलक असते. नऊ वर्षे अपयशात गेली. १९२६ मध्ये त्याने दाण्यांचे पीठ पाणी मिसळलेल्या असिटोनमध्ये कालवून गाळले, गाळून आलेला द्रव थंडीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चिमुकले स्फटिक दिसले. ते विरघळवले तर युरियाचे तुकडे झपाट्याने होत. तपासले तर ते प्रथिन होते. म्हणजे जे काम करते ते प्रथिनच.

व्हिलश्टेटर यांच्या पंथाने ते मानले नाही. स्फटिकांत एन्झाइम अडकले असेल, असा युक्तिवाद चालू राहिला. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा हळूहळू विरोध निवळला. सम्नरला नोबेल मिळाले ते थेट १९४६ मध्ये, नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली यांच्यासह. युरिएजच्या गाभ्यात निकेल या धातूचे अणू असतात, हे तर १९७५ मध्ये उघड झाले.

आता उरला होता १८२१ पासून लोंबकळत असलेला प्रश्न. देह स्वतः युरिया बनवतो कसा?

बनवतो कशासाठी, हे कळले होते. अन्नातील प्रथिने अमिनो आम्लांची असतात आणि त्या प्रत्येकात नायट्रोजन असतो. देह अमिनो आम्ले जाळतो तेव्हा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला विषारी. बहुतेक मासे तो सरळ पाण्यात सोडतात. पक्षी आणि सरडे यूरिक आम्ल बनवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. माणूस आणि इतर सस्तन प्राणी युरिया बनवतात, कारण तो सौम्य आहे आणि पाण्यात सहज विरघळतो. प्रौढ माणूस रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर टाकतो. त्याचा कारखाना यकृतात आहे, हेही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्पष्ट झाले होते. कारखान्यातली यंत्रे मात्र कोणी पाहिली नव्हती.

जर्मनीच्या फ्रायबुर्गमध्ये हान्स क्रेब्स हा तरुण डॉक्टर रुग्णालयातील कामाबरोबर प्रयोगशाळाही चालवत होता. कुर्ट हेन्सेलाइट हा वैद्यकाचा विद्यार्थी त्याच्या जोडीला होता. उंदराच्या यकृताच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या, त्या जिवंत असतानाच क्षारयुक्त द्रावणात ठेवायच्या, एकेक पदार्थ घालायचा आणि किती युरिया बनतो ते मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. युरिया मोजायला साधन कोणते? युरिएज. सम्नरच्या आधीपासून वैद्यकीय प्रयोगशाळांत ते त्यासाठी वापरात होतेच.

पदार्थामागून पदार्थ घातले, फारसे काही घडेना. ऑर्निथिन नावाचे अमिनो आम्ल घातले, आणि युरियाचा वेग एकदम चढला. चमत्कारिक गोष्ट अशी, की ऑर्निथिन खर्चच होत नव्हते. त्याच्या एका रेणूमागे युरियाचे कितीतरी रेणू तयार होत होते. क्रेब्सला हळूहळू उकल झाली. ऑर्निथिनवर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड चढतात आणि सिट्रुलिन बनते. कलिंगडाच्या रसात जपानी संशोधकांना सापडलेले अमिनो आम्ल ते हेच. त्यावर आणखी नायट्रोजन चढून आर्जिनिन होते. यकृतातले आर्जिनेज हे एन्झाइम आर्जिनिनमधून युरिया कापून वेगळा करते, आणि उरते ते पुन्हा ऑर्निथिन. रहाटाला बांधलेले पोहरे भरून येतात, रिकामे होतात आणि पुन्हा खाली जातात, तसा हा फेरा. १९३२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चयापचयातील प्रक्रिया चक्राकार असू शकते, हे असे पहिल्यांदाच तपशिलाने समोर आले. युरियाची ही तिसरी फेरी, आणि जीवनशक्तीसाठी आता त्यात कुठे जागाच उरली नाही : प्रत्येक पायरीला एक एन्झाइम, प्रत्येक अणूचा हिशेब.

त्याच वर्षअखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी अध्यक्षीय भाषणात या कामाची प्रशंसा केली. त्या प्रशंसेचा पुढे फार उपयोग झाला. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यूंना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा केला, आणि ज्यू कुळातला क्रेब्स पदावरून दूर झाला. हॉपकिन्स यांनी त्याला केंब्रिजला बोलावून घेतले. १९३५ मध्ये तो शेफील्डला गेला. १९३७ मध्ये तिथे त्याने दुसरे, अधिक प्रसिद्ध चक्र उलगडले, जे आज दहावी-बारावीच्या पुस्तकात क्रेब्स चक्र म्हणून भेटते. ‘नेचर’ने जागेअभावी तो मजकूर परत पाठवला होता. १९५३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्याला या चक्रासाठी मिळाले.

युरियाच्या चक्रातील एक दुवा क्रेब्सच्याही हाती लागला नव्हता : सिट्रुलिनवर चढणारा दुसरा नायट्रोजन येतो कुठून? १९५० च्या आसपास अमेरिकेत सेरा रॅटनर यांनी तो शोधला. तो थेट अमोनियातून येत नाही, ॲस्पार्टिक आम्लातून येतो. आणि आपला नायट्रोजन देऊन झाला की त्या आम्लाचा जो सांगाडा उरतो, ते असते फ्युमरिक आम्ल. क्रेब्सच्या दुसऱ्या चक्रातला हा एक नेहमीचा टप्पा. यकृताच्या पेशीत ही दोन्ही चाके एकमेकांत अडकून फिरतात.